पुसून लख्ख

"आधी रिकामी हो, पोरी, मग भर. भरल्या पेल्यात कुणी काय ओतावं?" वडिलांचा हा आवाज सिस्टरच्या कानात चाळीस वर्षांनीही तसाच होता, जरा खरखरीत, जरा हसरा, आणि त्याच्या मागे पितळेचा वास. आवाजाला वास असतो का, असं कुणी विचारलं तर ती म्हणाली असती, सगळ्यांच्या नसेल, माझ्या वडिलांच्या होता. ते बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. सहा वर्षांची ती त्यांच्या मांडीवर बसून गालांचे फुगे करी, डोळे मिटी आणि जीव खाऊन फुंके, तेव्हा त्या झळझळीत वाद्यातून रुसलेल्या बदकाचा आवाज येई. आई स्वयंपाकघरातून ओरडे, "कुणाचा पाय मोडला गं?" आणि वडील हसत हसत म्हणत, आधी रिकामी हो. मग ती छातीतला सगळा वारा फूऽऽ करून सोडून द्यायची, पार तळाचा सुद्धा, आणि रिकामं झाल्यावर जो श्वास आपणहून आत यायचा तो असा थंड, लांबलचक, आपलाच नसल्यासारखा, की आपण आतून केवढ्या मोठ्या आहोत हे तिला पहिल्यांदा तेव्हा कळलं होतं. पुढे तिला ट्रम्पेट कधीच आलं नाही. पण ते एक वाक्य तिने इतक्या मुलांना शिकवलं, की मोजायला बसलं तर बोटं उसनी आणावी लागतील.

मुलांच्या इस्पितळात तळमजल्यावरची सात नंबरची खोली तिची. दाराबाहेर पाटी होती 'श्वसन-शिक्षण कक्ष', पण ती वाचण्याइतका धीर आतल्या गिऱ्हाइकांना नव्हता. त्यांच्या लेखी ती फुस्सताईची खोली. दम्याच्या औषधाचा पंप दाबला की फुस्स होतं, म्हणून फुस्सताई. मोठी माणसं हे नाव ऐकून तोंडावर हात धरत. तिला मात्र पगाराच्या चिठ्ठीवरच्या नावापेक्षा हेच जवळचं वाटे. खोलीत गुडघ्याएवढ्या सहा खुर्च्या, भिंतीवर फुप्फुसांचं मोठं चित्र, त्यातल्या डाव्या फुप्फुसाला कुणीतरी मिशा काढलेल्या, आणि एका टोपलीत औषध नसलेले, नुसती हवा सोडणारे सरावाचे पंप. त्या सकाळी चार मुलं होती. खिडकीतून कोरडं, स्वच्छ, कुरकुरीत ऊन आत आलं होतं, हात लावला तर मोडेल असं. चार वर्षांची एक ठुसकी पोर, जिला सगळे फौजदारीण म्हणत, सगळ्यांच्या पुढे उभी राहून पहारा करत होती. "तू हलवला नाही! फुस्सताई, याने हलवला नाही! औषध झोपलंय याचं!" आरोपी आठ वर्षांचा, तिच्या दुप्पट उंचीचा. तो कळवळून म्हणाला, "हलवला गं बाई. तू तेव्हा नाक पुसत होतीस." "मी नाक पुसताना पण बघते," फौजदारीण म्हणाली, आणि आरोपीने पंप पुन्हा हलवला.

मग गाणं झालं. गाण्याशिवाय वर्ग सुटत नसे. अकरा वर्षांपूर्वी तिने ते रचलं होतं, कारण सात पायऱ्यांचा छापील कागद मुलं विमान करून उडवत. गाणं कुणी उडवू शकत नव्हतं. मुलं उभी राहत, एक हात पोटावर, एक हातात पंप, आणि पाय आपटत म्हणत:

हलव हलव डबी, बाई, झोपलं औषध जागं कर
फुंकून टाक जुना वारा, रिकामं छातीचं घर कर
ओठ मिटून दाब एकदा, सावकाश ओढ पोटभर
मोज मनात दहापर्यंत, तोवर श्वास आत धर
चूळ भर नि नळी धू, पुसून लख्ख कोरडी कर

शेवटच्या ओळीला सगळी मुलं हवेतल्या हवेत नळ्या पुसत, इतक्या जोरात की खांदे हलत. नळी म्हणजे पंपाच्या पुढे लावायचं ते प्लास्टिकचं पोकळ, पारदर्शक नळकांडं. पंपाची फवारणी आधी त्यात शिरते आणि तिथून मूल ती आपल्या सोयीने, घाई न करता, श्वासाबरोबर आत घेतं. दमेकरी पोरांच्या घरात दूध नसलं तर चालेल, पण नळी हवी. आणि त्या सकाळी, मुलं हवेतल्या नळ्या पुसत असताना, मागच्या बाकावर एक म्हातारा खरीखुरी नळी पुसत होता. शिट्टीचे आजोबा. शिट्टी म्हणजे नऊ वर्षांची त्यांची नात. तान्ही असताना तिची छाती रात्रंदिवस वाजायची, म्हणून त्यांनीच ठेवलेलं नाव. त्यांनी सारा जन्म चष्म्याच्या दुकानात काढलेला. भिंगावर बोटाचा ठसा दिसला की त्यांना जेवण जात नसे. शिट्टीने येताना नळी आवारात पाडली होती, तेव्हा त्यांनी खिशातून भिंगं पुसायचा मऊ पिवळा कपडा काढला होता आणि नळी गोल फिरवत, तोंडाची वाफ देत, उजेडात धरून बघत, गाण्याच्या तालावर ती चोळत होते. मग त्यांनी ती नातीच्या हातात दिली. शिट्टीने ती तोंडाशी नेली, आणि तिच्या कपाळावरचे चार मोकळे केस हळूच उठले. वारा नव्हता. केस उठले, सरळ झाले, आणि नळीकडे असे झुकले, जशी एखादी लाजरी मुलगी दारातून डोकावून बघते.

एवढंच. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. फौजदारणीने सुद्धा नाही. पण सिस्टरने पाहिलं, आणि ती "शाब्बास, आता चूळ" असं म्हणाली खरी, पण तो आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता. ते चार केस तिने आधी पाहिले होते. तेव्हा ते केस नव्हते, कागदाचे कपटे होते. तीन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात, पुढच्या रांगेत बसून. शिकवणारी मुलगी तिच्या निम्म्या वयाची. तिने एक नळी रुमालाने खसाखसा पुसली, टेबलावरच्या कपट्यांवर धरली, आणि कपटे टणाटण उड्या मारत नळीला चिकटले. सगळ्या नर्सबाया लहान मुलींसारख्या हसल्या. "कपटे चिकटतात तसं औषधही चिकटतं," ती मुलगी म्हणाली, "नळीच्या भिंतींना. मुलाच्या छातीत पोचायचं ते वाटेतच बसतं. म्हणून साबणपाण्यातून काढा, आणि पुसू नका. नुसती वाळू द्या." सिस्टरही हसली होती. हसता हसता तिच्या मनात पाचवी ओळ वाजली आणि हसू ओठांवरच थिजलं होतं. परत येताना बसमध्ये दोन थांबे गेले नाहीत तोच नवी ओळ तयार होती. नळी धुऊन उभी ठेव, वाळू दे ती वाऱ्यावर. ताल बरोबर, यमक बरोबर, मुलांना वाऱ्यासारखे हात हलवायलाही मिळाले असते. म्हणजे ओळ सापडली नाही, ही सबबसुद्धा तिच्यापाशी नव्हती.

मग का नाही बदललीस? शिट्टीच्या तपासणीच्या कार्डावर खुणा करता करता तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर समोरच होतं. ते नेहमीच समोर असे, फक्त त्याच्याकडे पाठ करून बसायची तिला सवय झाली होती. पहिल्या चार ओळी तिच्या. पाचवी वडिलांची. गाणं रचलं त्या वर्षी ते याच इस्पितळाच्या पलीकडे, मोठ्यांच्या इस्पितळात होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आनंदात फुंकून फुंकून छातीचा भाता थकला होता. ती ड्यूटी संपवून त्यांच्या उशाशी बसायची आणि चार ओळी म्हणून दाखवायची. ते बोटांनी चादरीवर ट्रम्पेटच्या कळा दाबत ताल धरत. "चार ओळींचं गाणं म्हणजे तीन पायांची खाट," ते म्हणाले. "बसणारा पडतो. पाचवी घे." आणि दम घेत घेत त्यांनीच ती दिली. कसं दिलं असतं त्यांनी दुसरं काही? कितीही उशिरा घरी आले तरी आधी वाद्य पुसायचे, फडक्याचं टोक बोटावर गुंडाळून, वळणावळणात शिरून, आणि ती पेंगुळलेल्या डोळ्यांनी त्या पितळेत स्वतःचं लांबुळकं तोंड बघत असायची. पुसून लख्ख. त्यांच्या लेखी ते वाद्याबद्दलचं प्रेम होतं, आणि प्रेमात चूक कुठे काढायची? आठवड्याभराने ते गेले. गाणं राहिलं. वर्षातून हजार वेळा मुलं पाय आपटून त्यांची ओळ म्हणत आणि प्रत्येक वेळी तिला वाटे, गेलेल्या माणसाला एवढी गोड दाद कुणाच्या नशिबी असते!

म्हणून तिने एक तोड काढली होती. गाणं तसंच ठेवायचं, आणि जाता जाता, दारात, आयांना हळूच सांगायचं, "पुसू नका हं, नुसती वाळू द्या." कुणी म्हणालं, पण गाण्यात तर... तर हसून म्हणायचं, "ते गाणं हो, गाण्यात काय!" बहुतेक आया ऐकत. काही नसत ऐकत. काहींना सांगायचं राहून जाई. आणि या आजोबांना? चौदा महिन्यांपूर्वी ते पहिल्यांदा आले, नातीशेजारी त्या गुडघ्याएवढ्या खुर्चीत बसून त्यांनी पाचही ओळी पाठ केल्या आणि पाचवी ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू इस्पितळाने त्यांच्या धंद्याचा सत्कार केला. "सिस्टर, गाण्यात आहे तसंच करायचं ना? पुसून लख्ख?" आणि ती म्हणाली होती, "अगदी तस्संच, आजोबा." कोणत्या तोंडाने म्हणाली? याच. त्या चेहऱ्यावरचा उजेड घालवायचा तिला धीर झाला नव्हता. शिवाय, एवढंसं काय बिघडतं? असं ती स्वतःला म्हणाली होती, आणि एवढंसं म्हणजे केवढं हे मोजायचा पंप अजून निघायचा आहे. त्यानंतर शिट्टीला वर्षात दम्याचे तीन झटके आले. तिसरा गेल्या शुक्रवारी. आणि दर खेपेला सिस्टरने कार्डावर सहा खुणा केल्या: हलवलं, फुंकलं, ओठ मिटले, सावकाश ओढलं, धरलं, नळी स्वच्छ. सहाच्या सहा. नळी स्वच्छच्या पुढे तर एकदा कौतुकाने चांदणीही काढली होती.

"फुस्सताई," शिट्टी तिच्या कोपराशी येऊन कुजबुजली, "आज डॉक्टरबाईंना सांगा ना मला सोडायला. सहलीला. टेकडीवर तंबूत दोन रात्री राहायचंय. मी पिशवी भरून ठेवलीय." "कधीची आहे गं सहल?" "अजून तीन आठवडे आहेत." "आणि पिशवी आत्ताच भरली?" "पिशवी मी मागच्या महिन्यातच भरली," शिट्टी म्हणाली, "आता रोज काढून परत भरते. सरावाला." आजोबा मागून म्हणाले, "तिच्यात माझाही एक सदरा गेलाय. कशाला, ते विचारायची सोय नाही." "तुमचा वास येतो त्याला," शिट्टी म्हणाली, जणू हे कुणालाही कळायला हवं. आजोबा खाकरले, चष्मा काढला, पुसला. मग नातीचं लक्ष नाहीसं बघून सिस्टरला हळूच म्हणाले, "काल रागावलो हो तिला. म्हटलं, तू नीट ओढत नसशील, नाहीतर असं सारखं कसं होतं? रडली नाही. म्हणाली, मी सगळं गाण्याप्रमाणे करते आबा. मग मलाच कसंतरी झालं."

कार्ड सिस्टरच्या हातात होतं. पाच खुणा करून झाल्या होत्या. सहाव्या चौकोनावर पेन टेकलं आणि तिथे शाईचा एक ठिपका पसरत गेला, कारण पेन पुढेही जाईना, मागेही येईना. हे कार्ड आता वरच्या मजल्यावर डॉक्टरबाईंपुढे जाणार. त्या सहा खुणा बघणार, म्हणजे पोरीचं तंत्र बिनचूक, म्हणजे औषधच कमी पडतंय, म्हणजे वाढवा. वाढवलेलं औषध पुन्हा त्याच लख्ख नळीच्या भिंतींवर जाऊन बसणार. आणि सहल रद्द. पिशवीतला सदरा परत खुंटीला. तिने चौकोन मोकळा सोडला. "मी येते तुमच्याबरोबर वर," ती म्हणाली. "तुम्ही कशाला जिने चढता, सिस्टर?" "पायांना सवय हवी." फौजदारणीच्या हाती वर्ग सोपवून ती निघाली, तिच्या पाठीमागे लगेच हुकूम सुटला, "कुणी श्वास घ्यायचा नाही! म्हणजे घ्या, पण हळू!"

जिन्यावर शिट्टी दोघांच्या मधे होती, दोन्हीकडचे हात धरून, एक-एक पायरी सोडून उड्या मारत. सिस्टरला प्रत्येक पायरीवर एक-एक वाक्य सुचत होतं आणि पुढच्या पायरीवर गळून पडत होतं. नळी बदला म्हणावं, बस्स. नव्या पद्धतीप्रमाणे म्हणावं. नवीन पद्धत म्हटलं की जुन्याचा जाब कुणी विचारत नाही. हे सोपं होतं. खोटंही नव्हतं. अशी बिनखोटी वाक्यं तिच्याकडे तीन वर्षांची साठलेली होती, घडी घालून, एकावर एक. मधल्या वळणावर खिडकी होती, खाली आवारात एक माणूस पाण्याच्या नळीने गाडी धूत होता आणि धुऊन झाल्यावर गाडी न पुसता तशीच उन्हात सोडून बिडी ओढत उभा राहिला. बघ, ती मनात म्हणाली, त्यालासुद्धा येतं. आणि इतक्या वाईट वेळी तिला हसू फुटलं. शिट्टीने वर बघितलं. "काय झालं?" "काही नाही गं. माझीच गंमत." "मोठ्यांची गंमत कधीच सांगण्यासारखी नसते," शिट्टी आजोबांना म्हणाली. "सांगण्यासारखी असते," आजोबा म्हणाले, "धीर नसतो."

डॉक्टरबाई सिस्टरपेक्षा बारा वर्षांनी लहान होत्या आणि सारख्या कुठेतरी पोचायचं असल्यासारख्या बोलत. "या, या. शिट्टी, वाजतेस का आज? बघू." मग तपासणं, पाठीवर गार स्टेथोस्कोप, दीर्घ श्वास, अजून एक. सिस्टर टेबलाशी उभी राहिली, आणि टेबलावर तिला तिचं गाणं दिसलं. मोठ्या कागदावर, रंगीत, पाचही ओळी, कडेने हसरे पंप. छापखान्यातून नमुना आला होता. चाळीस शाळांत लागणार होता तो, असं डॉक्टरबाई महिनाभर सांगत होत्या, आणि सिस्टर महिनाभर लाजून मान खाली घालत होती. पाचवी ओळ सगळ्यांत ठळक छापली होती. तिच्याखाली एक गुटगुटीत मूल पिवळ्या फडक्याने नळी घासत होतं. "छाती थोडी घरघरतेय अजून," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तंत्र तर हिचं पुस्तकात छापावं असं. मग औषधच वाढवू या. आणि सहलीचं या वेळी जरा..." शिट्टीने आजोबांच्या सदऱ्याची बाही धरली. "मॅडम, एक मिनिट," सिस्टर म्हणाली. तिने आजोबांकडून नळी घेतली, त्यांच्या खिशातलं फडकं मागून घेतलं, दहा वेळा चोळली आणि शिट्टीच्या डोक्याच्या वर धरली. या वेळी चार केस नाही, अर्धं डोकं उठलं. शिट्टीने समोरच्या आरशात स्वतःकडे बघितलं आणि अशी खिदळली, की तिला मधेच थांबून खोकावं लागलं, आणि खोकून झाल्यावर म्हणाली, "अजून एकदा!"

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. "अगं बाई. हे रोज पुसतात? चौदा महिने?" त्यांनी कार्डावरचा मोकळा चौकोन आणि शाईचा ठिपका पाहिला. "मग औषध नकोच वाढवायला आत्ता. हेच एकमेव कारण असेल असं नाही म्हणत मी, पण आधी हे सुधारू. नवी नळी द्या हिला. साबणपाणी, आणि पुसायची नाही, वाळू द्यायची. दोन आठवड्यांनी बघू. छाती स्वच्छ असली तर जा तंबूत." शिट्टीने आजोबांच्या पोटात डोकं खुपसलं. आजोबांनी तिच्या उभ्या केसांवरून हात फिरवला, ते परत उठले, त्यांनी परत फिरवला. "पण आजोबा," डॉक्टरबाई हसत, जरा कौतुकाने रागावत म्हणाल्या, "पुसायचं तुम्हाला सांगितलं कुणी?"

शिट्टीने तोंड उघडलं. सगळं गाणं तिच्या ओठांवर होतं. आजोबांनी तिचा हात हलकेच दाबला. त्यांनी टेबलावरच्या रंगीत कागदाकडे पाहिलं, मग सिस्टरकडे, आणि भिंगातून त्यांचे डोळे मोठे आणि फार मऊ दिसले. त्यांना सगळं कळलं होतं, जिन्यावरच कळलं असावं. "कुणी नाही हो," ते म्हणाले, "आमचीच खोड. चष्मेवाला माणूस, दिसलं की पुसलं." डॉक्टरबाई हसल्या आणि, हजारदा कानावरून गेलेलं गाणं पुन्हा न वाचताच, रंगीत कागदावर मंजुरीची सही करायला पेन उचललं. सुटकेचं दार उघडं होतं, आजोबांनी स्वतः उघडून धरलं होतं, नुसतं बाहेर पडायचं. सिस्टरने छातीतला सगळा वारा सोडला. मग तिने हात पुढे केला आणि तळवा त्या पाचव्या ओळीवर ठेवला, पेनच्या आड.

"त्यांची खोड नाही मॅडम," ती म्हणाली. "माझ्या गाण्यात आहे ते. ही ओळ चुकीची आहे, आणि मला तीन वर्षांपासून माहीत आहे. मी विचारणाऱ्यालाही खरं सांगितलं नाही. यांनी विचारलं होतं, आणि मी म्हटलं, अगदी तस्संच."